एका रात्रीत तुटलेले तारे

हसा खुशाल, पण चहा सांडू नका. अशी फजिती वैऱ्याचीही होऊ नये!

लढाईचे दिवस. साताऱ्यात माझा फोटो स्टुडिओ. भरती झालेली पोरं गणवेशात फोटो काढून जायची, त्यावर आमचं चालायचं. अशात वर्तमानपत्रात वाचलं, उल्कावर्षाव होणार. झालं! मेढ्याजवळच्या टेकडीवर कॅमेरा लावला, भिंग उघडं ठेवलं आणि रात्रभर कुडकुडत बसलो. पोलीस पकडतील, वाघ येईल, दवानं भिंग धुरकटेल... जीव नुसता टांगणीला!

पण कॅमेऱ्यातली काचेची प्लेट धुतली आणि मी उडालोच. रेघाच रेघा! शेकडो! मला तर रात्रभरात दोनचारच दिसल्या होत्या. म्हटलं, डोळ्याला दिसत नाही ते कॅमेऱ्याला दिसतं. मोठा फोटो करून दर्शनी काचेत लावला. खाली पाटी, ‘एका रात्रीत तुटलेले तारे’.

अक्कल गहाण, दुसरं काय! तारा तुटला की कुणाचा तरी जीव गेला, असं आपल्याकडे मानतात. आणि इथं घरटी एक पोरगा लढाईवर!

दुपारी दाराशी बायका जमल्या. पुढे हौसाक्का. तिचा एकुलता एक म्हादू परमुलखात, बरेच दिवस पत्र नाही.

“आवं दादा, ह्यातला माझ्या म्हादूचा कंचा?”

मी लगबगीनं दाराशी गेलो.

“अक्का, तसं काही नसतं हो.”

“मग पाटी कशापायी लावलीया?”

 मी काचेतून फोटो उतरवून भिंगाखाली धरला.  बघतो तर सगळ्या रेघा एकाच ठिपक्याभोवती वळलेल्या! तो ध्रुव. अहो, रात्रभर आभाळ फिरलं, तेवढंच उमटलं होतं. उल्का त्यात एकही नव्हती!

“अक्का, एकही तारा तुटलेला नाही! नुसते हललेत. चुकलं माझं!”

ती मटकन पायरीवर बसली. पदरानं डोळे पुसले. मग माझ्याकडे रोखून बघायला लागली.

“हलल्यालं तारं काचंत लावता व्हय? आन माझा म्हादू जरासा हसला, तर किती वरडलासा! हालू नगंस, फोटू बिघडंल! लेकरू श्वास कोंडून हुबं ऱ्हायलं. भेदरल्यावानी दिसतंय फोटूत!”

बायका फिदीफिदी हसल्या.

“त्यो आला की दुसरा काढा,” ती उठत म्हणाली. “आन तवा तुमी तोंड मिटून ऱ्हावा!”

लढाई संपली आणि म्हादू धडधाकट परतला. अक्का त्याला घेऊन आलीच. ती शेजारी कमरेवर हात ठेवून उभी. पोरगा पोटभर हसला. मी चकार शब्द काढला नाही. पण घाबरून भिंगावरचं टोपण काढायचंच विसरलो!