आक्का म्हणाल्या, औषध काही चालू नाही

"हिला ग्रोथ हार्मोन चालू आहे?" माझ्या मुलीचा एक्स-रे पाहून हाडांच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला. मी हो म्हटलं. "मग आधीच्या डॉक्टरांना सांगितलं नव्हतं का?" मी मागं वळून आक्कांकडं पाहिलं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या.

आक्का म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण. गारखेड्यात आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. मनानं वाईट नाहीत, हे आधीच लिहून टाकते, कारण पुढं मला तसं लिहिणं जमेल असं वाटत नाही.

डॉक्टर म्हणाले, "स्लिप्ड कॅपिटल फीमोरल एपिफिसिस." म्हणजे मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा, खुब्यातला गोळा, वाढीच्या जागेवरून घसरतो. ग्रोथ हार्मोन घेणाऱ्या मुलांत हे क्वचितच होतं, पण होतं. बिघाड खुब्यात असतो आणि दुखतो कधी कधी नुसता गुडघा. "आता पाय टेकवायचा नाही. लगेच स्क्रू घालू. गोळ्याचा रक्तपुरवठा गेला तर खुबा कायमचा अधू होईल."

माझी तनुजा सहावीत आहे. तिचं शरीर वाढीचं हार्मोन पुरेसं बनवत नाही, म्हणून चौथीपासून रोज झोपण्याआधी इंजेक्शनचं पेन. ते फ्रीजमध्ये ठेवावं लागतं. आमच्याकडं ते श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात, भाजीच्या खाली. पाहुणे आले की पाणी तनुजानंच आणायचं, दुसऱ्या कुणी फ्रीज उघडायचा नाही. हा आक्कांचा कायदा. "पोरीची जात हाय. उद्या स्थळ आलं की लोक म्हणतील, इंजेक्शनवर वाढवलेली पोरगी."

सहावीतल्या पोरीचं स्थळ. मी भांडून पाहिलं. नवरा वाळूजच्या कंपनीतून शिफ्ट करून यायचा आणि म्हणायचा, जाऊ दे, कशाला वाद.

दिवाळीनंतर तिचा गुडघा दुखू लागला. माझ्या शाळेत परीक्षा चालू होत्या, म्हणून आक्का तिला कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडं घेऊन गेल्या. औषध काही चालू आहे का, असं त्यांनी विचारलं. आक्का म्हणाल्या, "नाय, काही नाय." तनुजा शेजारीच बसली होती. तीही गप्प राहिली, कारण घरानं तिला तेच शिकवलं होतं. हे मला नंतर तिच्याकडून कळलं.

त्या डॉक्टरांवरही माझा राग आहे. मूल लंगडत आत आलं, यांनी गुडघा दाबला, वाढीच्या वयात दुखतंच म्हणाले आणि मालिश सांगितली. खुब्याला हात लावला नाही. आक्का रोज तेल चोळत राहिल्या. एका सकाळी तनुजाला पलंगावरून पाय खाली टेकवता येईना. मी हार्मोनच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "चालवू नका, उचलून न्या, खुब्याचा एक्स-रे काढा." इंजेक्शन सुरू करताना त्यांनी डोकेदुखीबद्दल बजावलं होतं, लंगडण्याबद्दल चकार शब्द नाही. हे मी त्यांना तोंडावर बोलले.

ऑपरेशन झालं. थिएटरबाहेरच्या बाकावर आक्का माझ्या शेजारी बसल्या होत्या आणि मी त्यांच्याकडं पाठ करून. गोळा वाचला. ज्या सर्जननी तो वाचवला त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

तुमच्या मुलाला हे इंजेक्शन चालू असेल तर एवढं करा. मूल लंगडलं, गुडघा, मांडी किंवा जांघ दुखली, डोकं दुखून उलटी झाली, नजर धूसर झाली, तर त्याच दिवशी हार्मोनच्या डॉक्टरांना कळवा. इंजेक्शन आपल्या मनानं बंद करू नका. आणि डॉक्टर कुठलाही असो, दाताचा असला तरी, त्याला सांगा. लाज कसली त्यात?

तनुजाच्या कुबड्या सुटत आल्या आणि ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांनी थांबवलेलं इंजेक्शन त्यांच्या देखरेखीत पुन्हा सुरू झालं, तेव्हा पैठणहून आक्कांच्या जाऊबाई भेटायला आल्या. "काय झालं गं पायाला?"

आक्का म्हणाल्या, "जिन्यावरून पडली."

"मी कुठं पडले, आत्या?" तनुजा म्हणाली. "मला उंचीचं इंजेक्शन चालू हाय. खुबा सरकला माझा."

मग जाऊबाई म्हणाल्या, "व्हय? रोज टोचतेस? बघू तरी कसलं असतं."

मी उठायच्या आत आक्का उठल्या. डबा आता मी दारातल्या कप्प्यात, दुधाच्या पिशवीशेजारी ठेवते. तरी फ्रीज उघडून त्यांनी आधी भाजीच्या खालीच हात घातला.