मालकांची बॅटरी

बी.ए. झाल्यावर मी मूलजवळच्या एका बांबूच्या ठेकेदाराकडे मुनीम लागलो. आमच्या घराण्यात अंगठ्याऐवजी सही करून पगार घेणारा मी पहिलाच. त्याबद्दल मालकांचे उपकार मी आजही मानतो. त्यांच्या अकलेबद्दल मात्र मानत नाही.

लष्कराने मोडीत काढलेली एक गाडी घेऊन त्यांनी तिच्यात पलंग, दिवा आणि पंखा बसवला होता. जंगलात मुक्काम पडला की ते तिच्यातच झोपत. पंखा रात्रभर फिरे आणि सकाळी गाडी मुकी. हँडल मारून ती सुरू झाली असती, पण हँडल मारणे भाड्याने माणसे नेणाऱ्या सर्व्हिस मोटारवाल्यांना शोभते, असे म्हणून मालकांनी ते विकून टाकले होते. शेवटी बल्लारपूरच्या मिस्त्रीकडून बॅटरीच्या तारेवर खटका बसवला. मालकांना झोप लागली की कोणीतरी तो पाडायचा. तो सीटखाली होता, आणि वाकणे मालकांच्या पोटाला मानवत नसे.

एकदा एका गावाजवळ नदीच्या रेतीत मुक्काम पडला आणि दुसऱ्या दिवशी चांद्याला जंगलाचा लिलाव होता. तो हुकला तर वर्षभर त्यांना बांबू नाही आणि मला नोकरी नाही. मालकांनी गावातल्या एका मासे धरणाऱ्या ढिवराला पहाऱ्यावर बसवले, हातात टॉर्च दिला आणि बजावले, "मी झोपलो का बॅटरी बंद करजो."

आमच्याकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणतात. मालक काही विलायतेत वाढले नव्हते.

सकाळी गाडी हूं की चूं करीना.

"बॅटरी काऊन नाई बंद केली बे?"

"केली ना जी मालक. तुमी घोराले लागले अन् म्या बंद केली." त्याने कमरेचा टॉर्च काढला, पेटवला, विझवला. "पाहा, थोडीबी जळू नाई देली."

चाके नदीच्या रेतीत होती, म्हणून बैल जुंपले. मालक रुबाबात चक्र धरून बसले आणि सवयीने मुका भोंगा दाबत राहिले. बाजाराला निघालेल्या साऱ्या गावाने ती मिरवणूक पाहिली. पक्क्या सडकेवर इंजिन एकदाचे खोकले, पण आम्ही पोचलो तेव्हा लिलाव आटोपला होता. बातमी मात्र आमच्या आधी पोचली होती. आमचे जंगल घेतलेला ठेकेदार कचेरीच्या पायरीवर पान चघळत उभा होता.

"काऊन शेठ, बैल कुठी सोडले?"

मालक माझ्याकडे वळून म्हणाले, "तू बी.ए. ना? मंग तुले समजाले नाई पायजे?" आणि तिथेच त्यांनी मला मोकळे केले.

मी पान चघळणाऱ्या ठेकेदाराला वाकून नमस्कार केला. एवढ्या जंगलाला त्याला आता आणखी एक मुनीम लागणारच होता.