पंधरावा दाता

लोहगडवाडीचा गेणू बोटांवर जगतो. सुदुंबऱ्याच्या एका कारखान्यात तो तपासणीला आहे. मशीनवर कापून आलेल्या लोखंडी तुकड्याच्या कडेवरून तो बोट फिरवतो, आणि कुसळाएवढी धार उरली असली तरी ती त्याला कळते. डोळ्याला ती दिसत नाही. बावीस वर्षं हे बोट चुकलं नव्हतं.

दिवाळीनंतर ते चुकायला लागलं.

दुखणं रस्त्यातलं होतं. पहाटे साडेपाचला वाडीतून निघायचं, खिंड उतरून भाजे, मळवली, मग जुना हायवे धरून कामशेत, वडगाव, तळेगाव. गाडी जुनी, शंभर सीसीची. साठच्या पुढं नेली की इंजिन किंचाळायचं आणि हँडल मधमाशांच्या पोळ्यासारखं घोंघावायचं. कारखान्यात पोचेपर्यंत दोन्ही हातांत मुंग्या भरलेल्या असायच्या. सावकाश न्यावी, तर पाळी चुकायची.

माघात गेणूनं पास केलेले दोन तुकडे गिऱ्हाइकाकडून परत आले. सुपरवायझर सुहास, गेणूच्या पोराच्या वयाचा. त्यानं बाजूला घेऊन सांगितलं, "मामा, सोमवारी दहा तुकडे ठेवतो तुमच्यापुढं. खराब कुठले ते काढायचे. नाही जमलं तर लोडिंगला जावं लागेल. वरून आलंय हो, माझ्या हातात काही नाही."

पंचावन्नाव्या वर्षी लोडिंग म्हणजे दिवसभर पेट्या उचलणं. गेणूनं पुढचा तुकडा हातात घेतला. घरी त्यानं हे सांगितलं नाही.

शनिवारी सुटल्यावर तो कामशेतला बाजीराव मेकॅनिककडं थांबला.

"हिचं रडणं बंद कर बाबा."

"म्हातारीला पळवताय, मग रडणारच की, गेणूभाऊ." बाजीरावानं उकिडवं बसून कव्हर खोललं. "ही चेन पुढच्या बारक्या चक्रावर फिरती. त्याला चौदा दाते हायती. पंधराचं टाकू. तेवढ्याच वेगाला इंजिन कमी फिरंल. हिला दम लागायचा न्हाई."

"आन् मला?"

"तुमचं चक्र आमच्याकडं मिळत न्हाई."

चक्र बदललं. मागचं चाक थोडं पुढं सरकवून चेन बसवली. गेणू वडगावपर्यंत जाऊन आला. साठला हँडल शांत. जुनी गाडी लांब ढांगा टाकत चालल्यासारखी वाटली. दोघंही खूश झाले. सपाट रस्त्यावर पारख झाली, पण गाडी राहते कुठं, हे दोघांतल्या एकानंही विचारलं नाही. डोंगरातला माणूस डोंगर विसरला.

गेणूची बायको लीलाबाई गडाखाली पिठलं-भाकरीची टपरी चालवते. रविवारी गड बघणाऱ्यांची झुंबड, म्हणून शनिवारी गेणू कामशेतहून कांदे-बटाट्याचं पोतं, बेसन, लिंबं मागच्या सीटवर बांधून आणतो. भाजे मागं पडलं, चढ लागला. दुसऱ्या वळणाला पहिल्या गियरमध्येही गाडी घुसमटली, थांबली, मागं सरकली. जळक्या क्लचचा वास सुटला. गेणूनं दोन्ही पाय रोवून तिला कशीबशी धरली आणि कडेला लावली. मग फोन केला.

लीलाबाई चालत खाली आली. गाडीकडं बघितलं, पोत्याकडं बघितलं.

"काय झालं वो?"

"चक्र मोठं टाकलं. हायवेला लय झ्याक चालती, पण चढाला ओढच न्हाई. हितं मरती."

"मग हायवेलाच घर बांधा."

गेणू दगडावर बसला. तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. मुंग्या, परत आलेले तुकडे, सोमवार. लीलाबाईनं त्याचा हात ओढून घेतला आणि बोटाच्या शेंड्याला नख टोचलं.

"कळतंय?"

"थोडं."

"कवापासनं हाय हे?"

"दिवाळीपासनं."

"आन् मला आज सांगताय. पोतं अडलं म्हून."

गेणू म्हणाला, "उद्याच परत चौदाचं बसवून आणतो. तुझी टपरी कशी चालायची?"

"काय नको. सोमवार होऊ द्या." तिनं अर्धे कांदे ओच्यात आणि पिशवीत भरले. "तुमी मोकळी गाडी न्या वर. मग चालत या उरलेल्याला."

रविवारी तिनं त्याला भांडंसुद्धा घासू दिलं नाही. दोन्ही हात कोमट पाण्यात घालून बसवलं. येणारीजाणारी गिऱ्हाइकं बघत होती.

सोमवारी गाडी हायवेला न कुरकुरता गेली. सुहासनं ट्रे मांडला. गेणूनं डोळे मिटले. दुसरा तुकडा बाजूला काढला, सातवा काढला. नववा हातात बराच वेळ फिरवला आणि तोही काढला.

"मामा, खराब दोनच ठेवले होते मी."

"भिंगानं बघा."

सुहासनं बघितलं. कडेला कुसळाएवढी धार होती. मग नववा तुकडा खिशात टाकून म्हणाला, "चहा घ्या."

पंधराचं चक्र अजून गाडीत आहे. शनिवारी गेणू दुसऱ्या वळणाला गाडी थांबवतो, पोतं उतरवतो, रिकामी गाडी वर नेऊन ठेवतो आणि चालत खाली येतो. बोटं टिकली, आता गुडघे बोलतात. लीलाबाई तिचा वाटा उचलायला आधीच येऊन बसलेली असते.

"बसा जरा," ती म्हणते.

"बसलो तर उठणं होत न्हाई."

तरी तो बसतो. खालून हायवेची घरघर येत राहते. लीलाबाई त्याचा हात ओढते आणि शेंड्याला नख टोचते.

"आगं, दुखतंय की."

"दुखू द्या," ती म्हणते आणि कांद्यांची पिशवी उचलते.