वहिनींनी मला न दिलेलं झाड

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी उमरेडच्या एसटीत, मांडीवर त्यांचंच झाड घेऊन बसलो होतो. उमरेडला त्यांच्या मैत्रिणीनं नवं घर बांधलं. तिला रोज पूजेला फूल लागतं, म्हणून वहिनींनी अंथरुणावरूनच जास्वंद निवडली होती. "विलास... गेली गा तुही वहिनी," फोनवर दादा एवढंच म्हणाला. मी उतरलो नाही. आधी जास्वंद पोहोचवली, लोटाभर पाणी घातलं, मगच परतीची बस धरली. झाड वाटेत टाकून आलो असतो तर वहिनी तिरडीवरून उठून मला बोलल्या असत्या, याबद्दल आमच्या घरात दुमत नाही.

नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या त्यांच्या गच्चीवर कुंड्या किती, हे मला विचारू नका. मी सांगतो ते कोणी खरं मानत नाही. एकदा दादा कपडे वाळत घालायला वर गेला, तो दुसऱ्या दिवशी सापडला. लग्न असो, बारसं असो, वास्तू असो, वहिनींची भेट म्हणजे झाड. माझ्या स्कूटरवर पायाशी कुंडी, मागे वहिनी, असं आम्ही अर्धं नागपूर हिरवं केलं. पण झाड असंतसं मिळत नसे. आधी त्या त्या घरी चहाला जायच्या. चहा कसला, चौकशी आयोगच तो! ऊन कोणत्या खिडकीत येतं, कूलर कुठं लावतात, कोण कोणाशी बोलत नाही, सगळं बघून यायच्या. एक साहेब रिटायर झाले आणि दिवसभर बायकोच्या मागे मागे फिरू लागले. मी म्हटलं, "वहिनी, गुलाब द्या न, शोभते साहेबाले."

"गुलाबाले लोक छान म्हणतात अन् निघून जातात," वहिनी म्हणाल्या. "गोडलिंब देऊ. गल्लीतल्या बाया पानं मागाले येतीन, दोन गोष्टी बोलतीन."

वर्षभरात त्या कढीपत्त्यापायी साहेबांच्या फाटकावर एवढी गर्दी, की भाजीवाल्यानं ठेलाच तिथं हलवला. एका भांडकुदळ जोडप्याला मधुमालती दिली, कारण तिचा मांडव एकट्यानं बांधता येत नाही. ती वेल तिसऱ्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये शिरली, पण जोडपं टिकलं.

सगळ्या गावाला झाडं, मला मात्र तीस वर्षांत एक काडी नाही. कारण मला ठाऊक होतं. एका मे महिन्यात त्या माहेरी, कुहीला गेल्या असताना मी भर दुपारी, मोठ्या प्रेमानं, गच्चीवरच्या टाकीचं पाणी त्यांच्या मोगऱ्याला घातलं. नागपूरच्या मेमधलं टाकीचं पाणी! पत्ती टाकली असती तर चहा झाला असता. मोगऱ्याची भाजी झाली. वहिनी परतल्या, कुंडीकडे पाहिलं आणि ती कोपऱ्यात उपडी घालून ठेवली... तेव्हापासून मी स्वतःला गुन्हेगार धरून होतो. दर दिवाळीला हसत हसत विचारायचो, "मले काहून नाही देत?" त्या म्हणायच्या, "चाल, उशीर होते." हसायचो खरं, पण लागायचं.

जास्वंद न्यायला गेलो त्या सकाळी धीर करून म्हटलं, "वहिनी, तो मोगरा अजून माफ नाही केला का?"

त्यांना आठवेचना. मग इतक्या हसल्या की खोकला लागला. "अरे बापा, कायचा मोगरा! दर उन्हाळ्यात धा झाडं मरतात माह्याच हातानं." खोकला थांबल्यावर म्हणाल्या, "ज्याच्या घरी आपलं जाणं होत नाही, त्याले झाड द्याव. आपल्या बदली ते राहते तिथं. तू तं रोजच येऊन राहिला. तुले कायले देऊ?"

बस चुकेल म्हणून मी कुंडी उचलली आणि निघालो.

आता दादा म्हणतो, एक कुंडी घेऊन जा, तिच्या हातचं काही तरी राहील तुझ्याकडे. मी रोज संध्याकाळी गच्चीवर जातो. माझ्या पश्चिमेच्या बाल्कनीत जगेल अशी एक कोरफड हेरून ठेवली आहे. तिला मारायला माझ्यासारख्यालाही कष्ट पडतील. रोज ती जिन्यापर्यंत नेतो. तिथं वाटतं, ही घरी नेली म्हणजे वहिनींकडचं आपलं जाणं संपलं... आणि परत जागेवर नेऊन ठेवतो.

"नेऊन काहून नाही राहिला गा?" दादा खालून ओरडतो.

"पाहून राहिलो," मी म्हणतो. "उद्या येतो."