अर्ध्या दिवसाचं काम

नववीची परीक्षा झाली आणि मला ताप आला. ताप गेला, पण माझं अंग काही परत माझं झालं नाही. भाकरी थापायला बसले की हात गळून पडायचे. विहिरीपर्यंत जाऊन आले की दुसऱ्या दिवशी उठवायचं नाही. रात्रभर झोपूनही अंग ठेचल्यासारखं दुखायचं. आमच्या कळस गावात अशा पोरीला एकच शब्द होता, आळशी. चुलती माझ्यादेखत म्हणायची, "झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला कोण उठवणार?" खायला काळ आन् भुईला भार, हे तर रोज ताटाबरोबरच वाढलं जायचं.

मला दहावी करायची होती. दहावी नाही झाली की आमच्याकडं पोरीला सरळ उजवून टाकायचे. म्हणून आईच्या मागं लागले आणि माझे वडील, आबा, एकदाचे मला बारामतीला मुलांच्या डॉक्टरकडं घेऊन गेले.

रक्त, लघवी, छातीचा फोटो, सगळं झालं. काही निघालं नाही. आबांचा चेहरा खुलला, चोर सापडल्यावर खुलावा तसा.

"रिपोर्टमध्ये दिसत नाही, पण ती आजारी आहे," डॉक्टर म्हणाले. "तापानंतर काही मुलांना असा थकवा धरतो, महिनोन्महिने सोडत नाही. याला गोळी नाही. दमायच्या आधी थांबायचं. एखाद्या दिवशी बरं वाटलं म्हणून जास्त केलं, तर पुढं कितीतरी दिवस भोगावं लागतं. शाळा मात्र बंद करू नका. अर्धा दिवस पाठवा, दहावी होईल तिची."

मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. आबांनी स्टँडवर गाडीची चौकशी केली. मग म्हणाले, "येवढा मोठा डाक्टर, आन् सुई न्हाय का गोळी न्हाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हातात खुरपं दिलं.

"आबा, त्यांनी शाळा सांगितलीया."

"अर्धा दिवस जमतंय म्हणला न्हवं? शाळंत बसाया जमतंय, मग रानात बसून खुरपाया का न्हाय?"

माझा बाप मूर्ख नव्हता. कारखान्याच्या सभेत भल्याभल्यांना गप्प करायचा. माझ्यापुरती त्याला अक्कल वापरायची नव्हती, एवढंच.

मीही हट्टाला पेटले. बायकांच्या बरोबरीनं खुरपणीची पात धरली, म्हटलं हे सोंग नाही एवढं तरी दिसू दे. झालं उलटंच. आबा बांधावरनं म्हणाले, "बघा, उतरलं का न्हाय सोंग?" बाया हसल्या. आठवडाभर रोज हेच चाललं.

मग एका सकाळी मला मान उचलता येईना. आईनं तांब्या तोंडाला लावला, तर पाणी गिळतानासुद्धा धाप लागली. हे मात्र सगळ्यांना दिसलं. गावातल्या डॉक्टरनं सलाईन लावलं. शेजारपाजारचे बिस्किटपुडे घेऊन बघायला आले. चुलतीनं पाय दाबले. आबा उशाशी बसून डोक्यावरनं हात फिरवत राहिले. इतक्या मायेनं ते माझ्याशी कधी वागले नव्हते, म्हणून मी धीर केला.

"आबा, माझी दहावी?"

"येडी का काय," ते म्हणाले. "आता कुठं खरी आजारी पडलीस. आजारी पोरीला कसली आलीया दहावी?"