गाणारा नसलेली बैठक

बोईसरच्या कारखान्यातले एक फिटर क्लॅरिनेट वाजवत. पंप बिघडला की, “आज खर्जात गेला हाय,” म्हणत. जोडीला हिशेबखात्यातल्या मल्याळी बाबूंचं व्हायोलिन आणि बेटेगावच्या वारली म्हाताऱ्याचा तारपा. वरातीचा ठेका, राग आणि तारप्याची चाल तिघे एकाच धुनेत मिसळत. लोकांनी ती बसून, शांतपणे ऐकावी, एवढीच फिटरांची इच्छा होती.

गणपतीत मंडळाने त्यांना अर्धा तास दिला. अध्यक्षांनी बजावलं, “लोक उठले की लगेच आर्केस्ट्रा.”

पुढे बसलेल्या मावशींनी विचारलं, “गाणारा कुठं हाय रे?”

“गाणारा नाय, मावशी. तुमी फक्त बसा,” फिटर म्हणाले.

लोक बसले. धून रंगली आणि म्हातारा सवयीने उठून मांडवात चालू लागला. तारपा चालतच वाजवतात आणि त्याच्यामागे साखळी धरून नाचतात, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. आधी मावशी उठल्या, मग सगळा मांडव. व्हायोलिनही निघालं. अध्यक्ष आर्केस्ट्रावाल्यांना बोलवायला गेले, तर तेही साखळीत नाचत होते.

फिटरांनी रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं, हसले आणि क्लॅरिनेट वाजवत साखळीमागे चालू लागले.