दुहेरी दोरा

इथे आखातात, अल मुंतझा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी लेकीच्या नाटकाच्या कोटाला पितळी बटणं लावत होते. शाळेच्या नाटकात ती फ्रान्सच्या सैन्यातला कॅप्टन होणार आहे. हेरगिरी केली दुसऱ्यानेच, पण हा ज्यू, म्हणून शिक्षा याला. खरं शोधून काढणारा अधिकारीसुद्धा शेवटी तुरुंगात गेला.

"मम्मा, लूज शिव हं. शिक्षेच्या सीनमध्ये सगळ्यांसमोर ती ओढून काढतात. रिअलमध्येपण आदल्या दिवशीच टाके सैल केले होते, मॅमनी सांगितलं."

माझ्या बोटांना पितळेचा वास लागला होता. बाबांच्या गणवेशाला असाच वास यायचा.

बाबा नाशिकला एका कारखान्यात हेडगार्ड होते. तांब्याची तार चोरीला गेली आणि आमची वस्ती कुठली, एवढ्यावरून ते चोर ठरले. गेटवर सगळ्यांदेखत त्यांच्या बाहीवरच्या फिती काढणार होते. आदल्या संध्याकाळी बाबा स्वतःच ब्लेडने टाके उसवत बसले. "उगाच ओढाताण नको," म्हणाले. आईने शर्ट हिसकावून घेतला आणि दुहेरी दोऱ्याने फिती पुन्हा घट्ट शिवल्या.

"लावू दे त्यांना जोर," एवढंच बोलली.

बाही फाटल्याचा आवाज गेटवर सगळ्यांनी ऐकला म्हणे. बाबा तशाच फाटक्या बाहीने वस्तीतून घरी आले. मी कितीतरी वर्षं आईवर चिडून होते.

"मम्मा, झालं?"

मी बटण ओढून पाहिलं. ते अलगद हातात आलं. आवाजसुद्धा झाला नाही.